साखर एकच, भाव अनेक: कुणी कोणती घ्यावी, कितीला घ्यावी

किराणा दुकानात किलोला पंचेचाळीस रुपयांच्या आसपास मिळणारी साखर आणि संशोधन प्रयोगशाळेत काही हजार रुपये मोजून आणलेल्या बाटलीतली पांढरी पूड ही रसायनशास्त्राच्या हिशेबाने एकच वस्तू आहे. तिचं नाव सुक्रोज. ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक रेणू जोडून उसाने ती पानात तयार केलेली असते आणि कांड्यात साठवलेली असते. मग भावात इतकं अंतर का, आणि आपल्याला नेमकी कोणती लागते? हा प्रश्न घरचा किराणा भरणाऱ्यांना पडतो, जॅम-मोरंब्याचा छोटा व्यवसाय करणाऱ्या बचत गटांना पडतो, आणि कॉलेजच्या खरेदी समितीलाही पडायला हवा.

महाग बाटलीतल्या साखरेची गोडी दुकानातल्या साखरेइतकीच असते. दुकानातल्या साखरेत साधारण अर्धा टक्का इतर काही असू शकतं. ते कुणीतरी काढून टाकलं, काय उरलं ते तपासलं आणि कागदावर लिहून दिलं, त्याची ती किंमत. हा अर्धा टक्का तुमच्या कामात आडवा येत असेल तर पैसे जरूर मोजा. येत नसेल तर एक रुपयाही जास्त देऊ नका. पुढचं सगळं या एका कसोटीवर घासून सांगतो. बाजारभाव ढोबळ दिले आहेत. गाव, हंगाम आणि पॅक बदलला की ते बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

पोत्याचा भाव कुठून येतो

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवली. शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघते असं धरलं, तर एका किलो साखरेत नुसत्या उसाचेच ३४ रुपये ६० पैसे झाले. त्यावर गाळपाचा खर्च, पोतं, वाहतूक, ५ टक्के जीएसटी आणि घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांचा नफा चढतो. कारखान्याला मळी, बगॅस (उसाचा चोथा), वीज आणि इथेनॉल यांचं उत्पन्न असतं, म्हणून हा डोलारा उभा राहतो. कारखान्याने ३१ रुपयांखाली साखर विकू नये असा किमान दर २०१९ मध्ये ठरला, तेव्हा एफआरपी १० टक्के उताऱ्याला २७५ रुपये होती. हे आकडे लक्षात ठेवले की 'कारखान्याची थेट साखर, किलो पस्तीस' अशी जाहिरात दिसल्यावर काय विचारायचं ते कळतं: वजन बरोबर आहे का, माल ओलसर आहे का, पक्कं बिल मिळतं का.

पोत्यावर एस-३० किंवा एम-३० असं लिहिलेलं असतं. ही प्रतवारी कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेच्या नमुन्यांवरून होते. अक्षर दाण्याचा आकार सांगतं: एल मोठा, एम मध्यम, एस बारीक. आकडा रंग सांगतो; ३१ हा ३० पेक्षा पांढरा. गोडीत काही फरक नाही. एम-३० बहुधा एस-३० पेक्षा थोडी महाग असते. रोजच्या चहाला, शिऱ्याला, सरबताला एस-३० पुरते आणि विरघळते लवकर. मोठ्या दाण्याला जास्त पैसे द्यायचं घरात तरी काही कारण नाही.

'सल्फरलेस' हा शब्द गेल्या काही वर्षांत पाकिटांवर मोठ्या अक्षरांत आला. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाचा धूर देऊन स्वच्छ करतात. अशा साखरेला प्लँटेशन व्हाइट म्हणतात आणि तिच्यात किमान ९९.५ टक्के सुक्रोज असावं लागतं. रिफाइंड साखर पुन्हा विरघळवून, गाळून, रंग काढून नव्याने दाणेदार केलेली असते; तिची अट किमान ९९.७ टक्क्यांची. सल्फाइटचा त्रास होणारे काही दमेकरी असतात. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल, तर रिफाइंड घेणं रास्त आहे. बाकीच्यांनी ती घ्यावी की नाही हे त्यांनी पाक किती वेळा करायचा यावर ठरवावं. ते कसं, ते पुढे येतंच.

महिन्याला चार किलो साखर लागणारं चौघांचं घर घेऊ. सुटी साखर ४५ रुपयांनी १८० रुपये. पाकीटबंद सल्फरलेस ६० रुपयांनी मिळाली तर २४०. सगळी गोडी खडीसाखरेवर नेली आणि ती १०० रुपयांची असली तर ४००. ब्राउन शुगर १५० रुपयांची धरली तर ६००. सुट्या साखरेच्या तुलनेत वर्षाचा जादा खर्च अनुक्रमे ७२०, २,६४० आणि ५,०४० रुपये होतो. या पैशांत शरीराला वेगळं काय मिळालं? खडीसाखर म्हणजे तेच सुक्रोज, संथपणे मोठे खडे होऊ दिलेलं. ब्राउन शुगरच्या दाण्यावर मळीचा पातळ थर असतो. त्याचा वास आणि रंग छान असतो, केकला ओलावा येतो, पण त्यातली खनिजं मोजण्याइतकी नसतात. चवीसाठी घेत असाल तर आनंदाने घ्या. 'आरोग्यासाठी' म्हणून घेत असाल तर ते पाच हजार रुपये फळांवर खर्च करा, असं मी कळकळीने सांगेन.

गुळाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात सुक्रोजबरोबर ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडी खनिजं आणि उसाच्या रसातले इतर घटक उरलेले असतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गूळ घेताना पिवळाधमक रंग पाहून भुलू नका. रंग उजळावा म्हणून काहिलीत हायड्रोस नावाचं रसायन टाकण्याची प्रथा आहे, आणि तपकिरी, जरा काळपट ढेप बहुतेक वेळा जास्त प्रामाणिक असते. मधुमेह असलेल्यांना मात्र गुळाने काही सवलत मिळत नाही. साखर सोडून गूळ धरला म्हणून निर्धास्त झालेली मंडळी घराघरांत आहेत. त्यांना हे प्रेमाने पण ठामपणे सांगायला हवं.

आणि हिशेब करतोच आहोत तर हाही करून टाकू. महिन्याचे चार किलो चौघांत वाटले की माणशी दिवसाला सुमारे ३३ ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेला सल्ला असा, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. २,००० कॅलरी खाणाऱ्यासाठी हे आकडे ५० आणि २५ ग्रॅम होतात. घरच्या डब्यातले ३३ ग्रॅम आणि वर बिस्किटं, शीतपेयं, मिठाई. कोणती साखर घ्यायची याआधी डबा किती दिवस पुरवायचा हे ठरवलं तर बचत तिथेच सगळ्यात मोठी होते.

पाक, पिठीसाखर आणि उपास

प्लँटेशन व्हाइट साखरेचा पाक उकळला की कडेला करडा फेस येतो. आपल्या घरांत त्यात चमचाभर दूध घालतात आणि वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतात. दुधातली प्रथिनं गोठताना तरंगणारा गाळ सोबत घेऊन वर येतात. ही रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. दिवाळीला दोन किलोचे पाकातले बेसनलाडू किंवा एकदा गुलाबजाम करणाऱ्याला त्यासाठी रिफाइंड साखर घ्यायची गरज नाही. रोज पन्नास किलोचा पाक करणाऱ्या आचाऱ्याचं गणित वेगळं. किलोमागे दहा-पंधरा रुपये जास्त द्यायचे, की मळी काढण्यातला वेळ, गॅस आणि मळीबरोबर जाणारा पाक सोसायचा, हे त्याने एकदा तराजू लावून पाहावं. साखरगाठी आणि संक्रांतीचा काट्याचा हलवा यांना मात्र स्वच्छ साखरच हवी. हलव्यात पाकाचे थेंब मंद आचेवर पुन्हापुन्हा देऊन दाण्यावर स्फटिक वाढवत न्यायचे असतात. पाकात गाळ असला की रंग मळतो आणि मेहनत वाया जाते. तिथे जास्तीचे रुपये पुरेपूर वसूल होतात.

पिठीसाखर घरी दळा. दुकानातल्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचं पीठ घातलेलं असतं. केकवरच्या सजावटीला ते उपयोगीच पडतं. पण तीच पुडी राजगिऱ्याच्या किंवा शेंगदाण्याच्या उपासाच्या लाडवात गेली तर उपास करणाऱ्याला ते चालणार नाही, म्हणून घटकांची ओळ वाचून घ्या.

मधमाश्या पाळणाऱ्यांसाठीही थोडं. महाबळेश्वरसारख्या भागात पावसाळ्यात फुलोरा नसतो तेव्हा वसाहती जगवायला साखरपाणी द्यावं लागतं. त्यासाठी साधी पांढरी साखरच वापरा. गूळ आणि ब्राउन शुगर यांतले न पचणारे घटक मधमाश्यांना हगवण लावतात, म्हणजे महागाचं खाद्य देऊन वसाहत कमजोर करून घेण्यासारखं होतं.

एका रुपयात तपासलेलं यंत्र

साखरेचा एक उपयोग घर आणि प्रयोगशाळा यांच्या बरोबर मध्ये बसतो. द्राक्षं काढणीला आली का, ऊस पक्व झाला का, जॅम झाला का, हे पाहायला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराच्या खिशात तो असतोच. त्यावर दिसतो तो आकडा ब्रिक्सचा: १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम सुक्रोज म्हणजे १ ब्रिक्स. हातात धरायचं साधं यंत्र हजार-दोन हजारांत मिळतं, डिजिटल घ्यायचं तर काही हजार लागतात.

पैसे वाया जातात ते चुकीच्या पट्टीचं यंत्र घेतल्याने. ० ते ३२ ब्रिक्सचं यंत्र फळं, ऊस, रस यांसाठी असतं. जॅममध्ये कायद्याने किमान ६५ टक्के विद्राव्य घटक लागतात. ते ३२ च्या यंत्रात दिसणारच नाहीत. जॅम, मोरंबा, मध यांच्यासाठी ५८ ते ९० च्या आसपासची पट्टी हवी, आणि सरबताच्या अर्कांसाठी मधली, २८ ते ६२ ची. बचत गटाने यंत्र मागवण्याआधी आपण काय करतो हे लिहून काढावं आणि त्यावरून पट्टी ठरवावी.

यंत्र बरोबर दाखवतं का हे पाहायला तपासणीचं महाग द्रावण विकत घ्यायची गरज नाही. ३२ च्या यंत्राचा शून्य डिस्टिल्ड पाण्यावर जुळवा. मग २० ग्रॅम कोरडी साखर आणि ८० ग्रॅम पाणी, दोन्ही वजनकाट्यावर मोजून, पूर्ण विरघळवा. यंत्राने २० दाखवायला हवं. दुकानातल्या साखरेतला अर्धा टक्का इथे फरक पाडतो तो ०.१ ब्रिक्सचा, आणि हातातल्या यंत्राला तो धड दिसतही नाही. पाणी मात्र वजनानेच मोजा. २० ग्रॅम साखर घेऊन द्रावण १०० मिलिलिटर केलं तर यंत्र साडेअठराच्या आसपास दाखवेल, आणि यंत्रात काही दोष नसताना तुम्ही ते दुरुस्तीला पाठवाल.

शाळा-कॉलेजची प्रयोगशाळा

बटाट्याच्या खळग्यात साखरेचं पाणी घालून परासरण दाखवणं, कांद्याच्या किंवा र्‍होइओच्या पानाच्या पापुद्र्यात पेशीद्रव्य आकसताना पाहणं, दोऱ्यावर स्फटिक वाढवणं: या तिन्ही प्रयोगांना किराण्यातली साखर शंभर टक्के चालते. पदवीच्या रसायनशास्त्रात साखरेचं आम्लात होणारं विघटन पोलॅरिमीटरने मोजतात. हा प्रयोग लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये केला आणि अभिक्रियेचा वेग आकड्यांत मांडण्याची सुरुवात तिथून झाली. सुक्रोज ध्रुवित प्रकाश उजवीकडे ६६.५ अंशांच्या हिशेबाने वळवतं. विघटन पूर्ण झाल्यावर तोच आकडा डावीकडे २० च्या आसपास जातो. अंशांतला हा बदल इतका मोठा, की साखरेतल्या अर्ध्या टक्क्याने आलेखाचा उतार हलत नाही. द्रावण गढूळ वाटलं तर गाळणी कागदातून गाळून घ्या.

आता खर्च पाहा. साठ विद्यार्थ्यांच्या तुकडीला प्रत्येकी २५ ग्रॅम म्हणजे दीड किलो साखर लागते. दुकानातली घेतली तर सत्तर रुपयांच्या आत. देशी कंपनीची एआर म्हणजे विश्लेषणासाठीची बाटली किलोला ८०० रुपये पडते असं धरलं तर १,२०० रुपये. वर्षाला असे तीन-चार प्रयोग असतील तर उरलेल्या पैशांत दोन चांगले थर्मामीटर येतात. ज्या कॉलेजांना रसायनांसाठी तुटपुंजं अनुदान मिळतं तिथे हा निर्णय विभागप्रमुखाने लेखी करून ठेवावा, म्हणजे प्रयोगशाळा सहाय्यकाला लेखापरीक्षणात उत्तर देत बसावं लागत नाही.

किराण्यातली साखर चालत नाही अशा जागाही आहेत आणि तिथे कंजुषी करणं धोक्याचं आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात एखादा जिवाणू सुक्रोज आंबवतो का हे पाहतात. दुकानातल्या साखरेत ग्लुकोज-फ्रुक्टोजचा अंश असतो; जिवाणूने तोच खाल्ला, आम्ल झालं, रंग बदलला, तर उत्तर चुकीचं येतं. पटकीच्या जंतूंची चाचणी घ्या. टीसीबीएस नावाच्या माध्यमात लिटरला २० ग्रॅम सुक्रोज असतं. पटकीचा जंतू ते आंबवतो आणि त्याच्या वसाहती पिवळ्या दिसतात. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मासळीतून पोट बिघडवणारा त्याचा एक भाऊबंद सुक्रोज आंबवत नाही, म्हणून त्याच्या वसाहती हिरव्या राहतात. एका साखरेवर निदान उभं आहे. अशा ठिकाणी तयार माध्यम किंवा एआर सुक्रोज, आणि तेही मुदतीतलं, यापलीकडे विचार करू नये.

पेशीतले घटक वेगळे करायला साखरेच्या पाण्याचे दाट-पातळ थर एकावर एक रचून ते अतिवेगाने फिरवतात. त्यासाठी आणि आरएनएच्या कामासाठी 'मॉलिक्युलर बायॉलॉजी ग्रेड' हवा. साध्या साखरेत आरएनए तोडणारी विकरं असू शकतात. ती लेशमात्र असली तरी महिनाभराचं काम नासवतात. रंगाचे अंश अतिनील प्रकाश शोषतात आणि मोजमाप फसतं. परदेशी ब्रँडच्या अशा बाटलीला किलोमागे काही हजार लागतात, देशी उत्पादकांची पुष्कळ स्वस्त पडते. आधी देशी बाटलीचं प्रमाणपत्र मागवा. त्यात विकरं नसल्याची तपासणी लिहिलेली असेल तर नुसत्या नावासाठी दुप्पट-तिप्पट देऊ नका.

त्याच्याही वरची पायरी म्हणजे इंजेक्शनात जाणारं सुक्रोज. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोविशील्ड लशीच्या घटकांच्या यादीत सुक्रोज आहे. लशीतला नाजूक भाग टिकून राहावा म्हणून ते घालतात. या साखरेत जिवाणूंच्या कवचाचे ताप आणणारे अंश जवळपास नसावे लागतात आणि प्रत्येक घाण्याचे कागद वर्षानुवर्षं जपावे लागतात. तिचा भाव त्या कागदांचा आहे.

टिश्यू कल्चरवाल्यांचा हिशेब

हा भाग मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण खरी बचत इथे आहे आणि ती शेवटी शेतकऱ्याच्या रोपाच्या भावात उतरू शकते. जळगावच्या केळीपासून फुलशेतीपर्यंत टिश्यूची रोपं आज सगळीकडे आहेत. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाचीही होतात. बाटलीतल्या कोवळ्या रोपाला स्वतःचं अन्न पुरेसं करता येत नाही, म्हणून माध्यमात साखर घालतात. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये दिलेलं माध्यम आजही सर्वत्र चालतं आणि त्यात लिटरला ३० ग्रॅम सुक्रोज असतं.

शंभर लिटर माध्यमाला तीन किलो साखर लागते. दुकानातल्या भावाने १३५ रुपये. एआर बाटली ८०० रुपये किलोने धरली तर २,४००. किलोला ५,००० पडणारी परदेशी बाटली वापरली तर १५,०००. महिन्याला हजार लिटर माध्यम करणाऱ्या मध्यम प्रयोगशाळेसाठी हा फरक १,३५० विरुद्ध २४,००० रुपयांचा आहे. स्वस्त साखरेवर रोपं वाढतात का? वाढतात. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००४ मध्ये विकसनशील देशांसाठी कमी खर्चाच्या टिश्यू कल्चरवर एक संकलन काढलं, त्यात घरगुती साखरेचा पर्याय स्पष्टपणे मांडला आहे. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. माध्यम १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह होतं तेव्हा थोडं सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतंच. विकत घेतलेली अतिशुद्धता पहिल्या पंधरा मिनिटांतच कमी होते. शिवाय त्याच बाटलीत क्षार, जीवनसत्त्वं, संप्रेरकं असे दुसरे पुष्कळ घटक आपण स्वतःच घातलेले असतात.

तरीही एका रात्रीत बदल करू नका. एकाच कारखान्याचं, एकाच प्रतीचं पोतं घ्या. शक्य असेल तर सल्फरलेस रिफाइंड. पोत्यावरचा हंगाम आणि क्रमांक वहीत लिहा, किलोभर नमुना हवाबंद डब्यात बाजूला ठेवा. ३० ग्रॅम साखर लिटरभर पाण्यात विरघळवून पांढऱ्या कागदासमोर धरा. गढूळ दिसली तर गाळा किंवा पोतं बदला. नेहमीप्रमाणे सामू ५.८ ला जुळवा. मग एकाच वाणाच्या, एकाच पिढीच्या बाटल्या अर्ध्या जुन्या साखरेवर आणि अर्ध्या नव्या साखरेवर ठेवा आणि किमान तीन पिढ्या तसंच चालू द्या. फुटव्यांची संख्या, बुडाशी येणारा तपकिरीपणा, मुळं फुटण्याचं प्रमाण आणि बाहेर काढल्यावर जगणारी रोपं, या चार गोष्टी मोजा. तिसऱ्या पिढीपर्यंत फरक पडला नाही तर बदला. नवं पोतं आलं की छोटी तुलना पुन्हा करा, कारण कारखान्याच्या साखरेचा दर्जा हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी सारखा राहीलच असं नाही. शोधनिबंधासाठी चाललेल्या प्रयोगांना मात्र एआरच ठेवा. दुसऱ्या गावातल्या माणसाला तोच प्रयोग करता यायचा तर साखर कोणती हे नेमकं सांगता आलं पाहिजे.

साखरेनंतर तुमचा पैसा खातं ते अगर. लिटरला आठ ग्रॅमच्या आसपास लागतं आणि किलोला काही हजार मोजावे लागतात. साखरेतले पैसे वाचले की पुढची नजर तिकडे वळवा.

दवाखान्याच्या दारात

इथे साखरेची जात बदलते आणि घोटाळा होतो. मधुमेहासाठीच्या ग्लुकोज चाचणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात. गरोदर बायकांनाही तेवढंच देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. ते ग्लुकोजच हवं. घरातली साखर पंचाहत्तर ग्रॅम घेतली तर तिच्यात निम्मं फ्रुक्टोज निघतं आणि रिपोर्टला काही अर्थ उरत नाही. औषधाच्या दुकानात या चाचणीसाठी मोजून ठेवलेली पुडी मिळते. सुटी पूड घेणार असाल आणि तिच्यावर डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट लिहिलेलं असेल, तर त्यात पाण्याचं वजन धरलेलं असतं. अशी पूड ८२.५ ग्रॅम घेतली की ७५ ग्रॅम ग्लुकोज मिळतं. किती द्यायचं हे प्रयोगशाळेने ठरवायचं असतं, पण विचारून घ्यायला हरकत नाही.

जुलाब-उलट्यांत ओआरएसची पुडी पहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरभर पाण्यासाठी २०.५ ग्रॅमची पुडी असते, त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज. बाकी मीठ, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. जनऔषधी केंद्रात विचारा, स्वस्त पडते. रंगीत खोक्यातली गोड फळपेयं ओआरएस समजून घेऊ नका. त्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. त्याआधी कितीतरी आयांनी जास्त पैसे देऊन मुलांना नुसती साखर पाजली आहे. पुडी मिळेपर्यंत लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साधा चहाचा चमचा, भर काढून सपाट केलेला. या साखरेची किंमत सव्वा रुपयाच्या आसपास होते. मीठ अंदाजाने घालू नका. लहान मुलाला जास्त मीठ घातक ठरतं.

विकत घेताना

पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असतो. अर्धा किलो, दोन किलो अशा पॅकवर एमआरपीशेजारी किलोमागे किंवा ग्रॅममागे दर छापलेला असतो. तुलना त्या दराची करा, पॅकच्या आकाराची नको. सुट्या साखरेत खडूची भुकटी असल्याची शंका आली तर काचेच्या पेल्यात पाण्यात विरघळवा; साखर विरघळते, खडू तळाशी बसतो.

प्रयोगशाळेसाठी कोटेशन मागताना ग्रेड, पॅक, जीएसटी धरून भाव, वाहतूक आणि त्या घाण्याचं विश्लेषण प्रमाणपत्र या गोष्टी एकाच पत्रात मागा. प्रमाणपत्रात शुद्धतेच्या टक्केवारीवर थांबू नका. प्रकाश वळवण्याचा आकडा, क्षपणकारी शर्करा, राख, जड धातू या ओळी पाहा. तुमच्या कामाला आडवा येणारा दोष या ओळींतच सापडतो. पाच किलोचा डबा किलोमागे स्वस्त दिसतो, पण वर्षाला एक किलोच लागत असेल तर अर्धा किलोच्या बाटल्या घ्या. पावसाळ्यात पुन्हापुन्हा उघडलेला डबा ओल धरतो आणि तपासून घेतलेली शुद्धता जाते. बाटली उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. प्रयोगशाळेतली साखर चहात कधीही घालू नका, ती कितीही शुद्ध असली तरी. त्याच चमच्याने शेजारच्या बाटलीतलं काय काढलं होतं ते कुणालाच ठाऊक नसतं.

वजनात किंवा मालात फसवणूक झाली तर बिल, रिकामं पाकीट आणि उरलेला नमुना जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्याच संभाषणात तक्रारीचा नोंदणी क्रमांक मागून घ्या.